आवाजाची दुरुस्ती

शेवटचा स्क्रू निघाला आणि डबीचं झाकण शरदचंद्रांच्या हातात आलं. जर्मनीतल्या डार्मश्टाटच्या त्या चौथ्या मजल्यावर ते एकटेच होते. लेक वीणा आणि जावई कपिल कामावर, नात ओवी शाळेत. स्वयंपाकघराच्या टेबलावर ओवीच्या गिटारचं पेडल उघडं पडलं होतं. साबणाच्या डबीएवढी लोखंडी वस्तू, पायाने दाबायची.

अडीच महिने ते हा प्रकार ऐकत होते. ओवीच्या खोलीचं दार लागायचं, गिटार दोन मिनिटं बरी वाजायची, मग पोरगी ते पेडल दाबायची आणि आवाज टराटरा फाटायचा. शरदचंद्रांनी अडतीस वर्षं कराडला लाउडस्पीकरचा धंदा केला होता. लग्नं, सभा, सप्ताह, काही सोडलं नव्हतं. त्यांच्या कर्ण्यातून फाटका आवाज आला असं म्हणणारा माणूस तालुक्यात सापडला नसता. आणि इथे खुद्द नातीच्या खोलीतून तो यावा, घरात इंजिनिअर जावई असून त्याला त्याचं काही वाटू नये, म्हणजे कमाल झाली!

पुढच्या आठवड्यात त्यांचं परतीचं विमान होतं. पंधरा वर्षांची ओवी या मुक्कामात त्यांच्याशी ‘या’, ‘नाइन’ आणि ‘डांके’, म्हणजे हो, नाही आणि आभार, एवढंच बोलली होती. पोर वाईट नव्हती. तिला मराठी सगळं समजायचं, पण उत्तर जर्मनमध्ये यायचं आणि ते आजोबांना कळायचं नाही. मग दोघं एकमेकांकडे बघून हसायची आणि आपापल्या वाटेला लागायची. शरदचंद्रांना याचं फार वाईट वाटे. जाण्यापूर्वी निदान आपल्या हातचं काहीतरी तिच्यासाठी करून जावं, एवढंच त्यांच्या मनात होतं. त्यात आज संध्याकाळी शाळेच्या झोमरफेस्टमध्ये, म्हणजे उन्हाळी मेळाव्यात, तिच्या बँडचं वादन होतं.

दोष पाच मिनिटांत सापडला. दोन डायोड आवाजाची लाट वरून आणि खालून छाटत होते. त्यांनी जावयाच्या ड्रॉवरमधलं सोल्डरिंग आयर्न तापवलं, दोन्ही डायोड अलगद काढले आणि झाकण लावून पेडल होतं तिथे ठेवून दिलं. मग स्वतःसाठी एक कप चहा केला. हात अजून चालतोय म्हणायचा!

साडेचारला ओवीने निघण्यापूर्वी गिटार जोडून पाहिली. पेडल दाबलं. सूर मोठा झाला, पण लखलखीत, स्वच्छ. तिने पुन्हा दाबलं. पुन्हा तेच.

“कापुट!” ती किंचाळली.

हा शब्द शरदचंद्रांना ठाऊक होता. वॉशिंग मशीन बंद पडलं तेव्हा घरात दोन दिवस तोच चालला होता. ते खुशीत दारात आले. “कापुट होतं, बाळा. आता नाही. मी दुरुस्त केलं.”

ओवीचे डोळे भरून आले. नुकतीच घरी आलेली वीणा कपाळाला हात लावून खाली बसली. “अहो बाबा, तो आवाज मुद्दाम फाडायचा असतो! त्यासाठीच तर ती डबी घेतलीय.”

शरदचंद्रांनी पेडल उचलून हातात घेतलं. करायला गेलो एक आणि झालं भलतंच. तरी जित्याची खोड जाते थोडीच? त्यांनी विचारलं, “मुद्दाम? मग किती फाडायचा असतो?”

ओवीने डोळे पुसले. तिला हे आजवर घरात कुणी विचारलंच नव्हतं. तिने दुसरं पेडल ओढलं आणि पहिल्यांदाच अडखळत मराठीत सुरुवात केली. “आल्झो... म्हणजे, हा ओव्हरड्राइव्ह. हळू वाजवला की साफ. जोरात वाजवला की थोडा...” तिला शब्द सापडेना, म्हणून तिने तार जोरात छेडली.

“बुवा कीर्तनात रंगले की त्यांचा गळा असा खरवडतो,” शरदचंद्र म्हणाले.

“गेनाऊ! अगदी तसाच! आणि हा, तुम्ही दुरुस्त केला तो... हा डिस्टॉर्शन. हळू, जोरात, सगळं सेम फाटतो.”

“प्रचाराचा शेवटचा दिवस.”

ओवी हसली. मग तिने मोबाइलवर तिसरा प्रकार ऐकवला, फझ. त्यात सूर कुठला आणि भुंगा कुठला, काही कळेना.

“हा तर पडदा फाटलेला कर्णा! असले मी भंगारात घातले.”

“आजोबा,” ओवी त्यांचा हात धरून म्हणाली, “परत बिघडवा ना!”

आयुष्यात असलं गिऱ्हाईक त्यांना भेटलं नव्हतं. त्यांनी सदऱ्याच्या खिशातून कागदाची पुडी काढली. दुरुस्तीवाला माणूस काढलेला भाग कधी फेकत नाही. दोन्ही डायोड पुडीत सुखरूप होते. ओवी शेजारी टॉर्च धरून बसली आणि पूर्ण वेळ बडबडत राहिली. निम्मं त्यांना कळलं नाही, पण एकदाही त्यांनी तिला थांबवलं नाही.

सहा वाजता शाळेच्या पटांगणात बँड सुरू झाला. ओवी पुढे आली, तिने पेडल दाबलं आणि आवाज असा फाटला की पहिल्या रांगेतली पोरं उभी राहून ओरडायला लागली. शरदचंद्रांच्या शेजारी वीणाची मैत्रीण शोभना बसली होती. कानांवर हात ठेवून ती म्हणाली, “काका, ओवीचा आवाज फाटतोय वाटतं.”

शरदचंद्र ताठ बसले.

“वाटतं काय! मी स्वतः फाडलाय तो.”