चातुर्मासाचं मौन

निजामाच्या तहसील कचेरीतली नोकरी संपवून दुबलगुंडीला परतलेल्या नरहररावांनी चित्तशुद्धीसाठी चातुर्मासात मौन धरलं होतं. काही हवं असलं की ते पाटीवर लिहीत. गाव पाया पडायला येई. त्यांच्या बायकोला, सुमतीबाईंना, मात्र हे सोंग पाहून तिडीक येई.

एका दुपारी धुणं वाळत घालून सुमतीबाई ओसरीवर आल्या, तर समोरून आंधळा लिंबण्णा काठी टेकत थेट बिनकठड्याच्या नव्या विहिरीकडं निघालेला. ओसरीवरच बसलेल्या नरहररावांनीही ते पाहिलं होतं. त्यांनी घाईघाईनं पाटीवर 'थांब, पुढे विहीर आहे' असं लिहिलं आणि बसल्या जागेवरून ती पाटी आंधळ्यासमोर उंच धरली.

"अण्णा, थांबा! पुढं हीर हाय!" सुमतीबाई जिवाच्या आकांतानं ओरडत धावल्या. म्हातारा अगदी काठावर थबकला. त्यांनी त्याला हाताला धरून ओसरीवर आणलं, पाणी दिलं आणि मग त्या नवऱ्याकडं वळल्या.

"तुमच्या जिभेनं मौन धरलंय, ते समजलं. पर काळजानं कामून धरलं?"

नरहरराव उत्तर लिहायला पाटी पुसू लागले.