सरकीची शीळ

नवा मध्यप्रदेश झाला त्या हिवाळ्यात जैनाबादच्या शर्यतीत निंबाला एकदाची मालगुजाराची तेज बैलजोडी हाकायला मिळाली. तोवर सगळे म्हणायचे, हाकावं तर निंबानंच, पण तो ज्याच्याकडे सालदार आहे त्या मालकाची मरतुकडी बैलं त्याला नडतात. निंबाही तेच सांगत फिरायचा. आज ती बैलं मालकानं, म्हाताऱ्या भाईदासनं, स्वतः जुंपली होती, आणि शेवटच्या टप्प्यात तीच चार हात पुढे धावत होती. निंबाला राहवलं नाही. रोज संध्याकाळी मुठीतून सरकी चारताना तो घालायचा ती शीळ त्यानं घातली. बैलं कान टवकारून जागच्या जागी थबकली. निंबा जिंकला. लोकांनी त्याच्या मुठीत गुलाल कोंबला. भाईदासनं धापा टाकत पाठ थोपटली, “शेवटी तुह्या जोगती बैलं भेटली रे भाऊ!” मागोमाग त्याची दोन्ही बैलं आली आणि ती बंद मूठ हुंगू लागली. निंबाला ती उघडवेना.