नाव बदलले आहे

मॅडमनी बारावीच्या भरल्या वर्गात मानसशास्त्राचं जर्नल उघडलं आणि रुचिराची केस स्टडी मोठ्याने वाचून दाखवली. वर 'नाव बदलले आहे' असं लिहिलं होतं. खालच्या मजकुरातली मुलगी मात्र घर सोडून गेलेल्या वडिलांचा शर्ट उशाखाली घेऊन झोपत होती.

शर्टाची ही स्वतःची गोष्ट शाल्मलीने अख्ख्या जगात एकट्या रुचिराला सांगितली होती.

"ही पोरगी समुपदेशक होणार बघा!" मॅडम रुचिराकडे बघत म्हणाल्या.

"मला विचारायचं तरी होतंस," शाल्मली बाकावर शेजारीच बसलेल्या रुचिराला हळूच म्हणाली.

"अगं, संमतीपत्रावर सही तुझीच आहे की!"

होतीच. प्रॅक्टिकलच्या गडबडीत सगळ्यांनीच एकमेकांच्या कोऱ्या फॉर्मवर सह्या ठोकल्या होत्या.

मग शाल्मलीचं जर्नल आलं. वीसपैकी नऊ.

"केस मनाने रचलीस ना? खरं माणूस नाही मिळालं?"

रुचिराचा चेहरा पांढराफटक पडला. आई मामाकडे असते, असं ती सगळ्यांना सांगायची. आई मनोरुग्णालयात आहे, हे फक्त शाल्मलीला ठाऊक होतं.

"नाही मिळालं, मॅडम," शाल्मली म्हणाली, आणि दप्तर उचलून मागच्या बाकावर जाऊन बसली.