मोरचुदाचं तळं

धारूरच्या डोंगराकडच्या शेततळ्यात हिरवं शेवाळ माजलं आणि रामकिसनच्या ठिबकच्या नळ्या तुंबल्या. शेवाळ मारायला त्यानं फडक्यात मोरचूद बांधून ती पोटली दोरीला लावली.

"आज अर्ध्याच तळ्यात फिरवा," त्याची बायको केसरबाई म्हणाली. "सगळं शेवाळ एकदम मेलं की पाणी सडतंय, माशांचा दम कोंडतोय." मासे तिनंच बोटाएवढे असताना आणून सोडले होते.

"लई पुळका आलाय! तुझ्या माहेरची माणसं हायेत का ती?" असं म्हणत त्यानं पोटली साऱ्या तळ्यातून ओढली.

दोन दिवसांनी मासे वर आले. पाण्याबाहेर तोंडं काढून पच् पच् करत हवा मागू लागले. केसरबाई काठावर बसून रडली. रामकिसन मजा बघत उभा राहिला. दुपारपर्यंत सगळे उलटे झाले, तेव्हा त्यानं ते जाळीनं काढून खड्ड्यात पुरले.

तळं आता नितळ होतं. त्यात एकही मासा नव्हता, पण आवाज थांबला नव्हता. पच् पच्.

त्यानं दगड भिरकावला. तळं गप झालं. मग तोच आवाज मागून, घराकडून आला. तो तिकडं धावला.

दार सताड उघडं होतं, वारं भरारा आत जात होतं. केसरबाई चुलीपुढं उभी होती. आढ्याकडं केलेलं तिचं तोंड उघडत होतं, मिटत होतं.

"अगं, काय झालं? बोल की!"

त्यानं तिचा दंड धरला. तो गार, बुळबुळीत लागला. तिनं मान वळवून त्याच्याकडं पाहिलं.

तिच्या डोळ्यांना पापण्या नव्हत्या.