अर्धा राहिलेला ढावलो

खेळाच्या मालकानं, गोपीचंदनं, मशीनचा दांडा फिरवला आणि पडद्यावर राजाची पोरगी पालखीकडे निघाली. सिनेमा मुका, बोलायचं काम काय ते सोमलाच्या पेटीचं. कारंजा गावातल्या रुईच्या गोदामात, दारं लावून, दुपारचा बायकांचा खेळ चालला होता. रोज या जागी सोमला लग्नाची चाल वाजवायचा. आज बोटं भलतीकडेच गेली.

त्यानं ढावलो धरला. बंजाऱ्यांच्या तांड्यातली नवरी सासरी निघताना एकेकाच्या गळ्यात पडून जे रडत गाते, ते गाणं. समोर नवरी नसताना ते काढायचं नसतं. सोमलाला काय हे ठाऊक नव्हतं? पण त्याची लेक ललिता ढावलो शिकता शिकताच पटकीनं गेली होती, लग्नाला आठ दिवस उरलेले. अर्धाच शिकली होती बिचारी.

राजाच्या पोरीचे ओठ हलायला लागले. नेमके ढावलोच्या शब्दांवर! बायांची कुजबुज बंद पडली. गाणं अर्ध्यावर आलं तशी ती थांबली, वळली, अन् थेट पेटीकडे बघत राहिली.

"अबे सोमला, बंद कर!" गोपीचंद मागून ओरडला. "रीळ कवाचं सरलं!"

मशीन थांबलं होतं. ती उभीच होती.

बाया एकमेकींना धरून बसल्या. सोमलाला कुठली भीती, त्याला लेक दिसत होती! त्यानं पुन्हा पहिल्यापासून धरलं. मग पुन्हा. अर्ध्यापुढे जायचंच नाही, म्हणजे ती जायची नाही.

तेवढ्यात बायांतून रामीबाई उठली. ललिताला ढावलो शिकवणारी तांड्यातली म्हातारी ती हीच.

"सोमला, कायले अडवून राह्यला तिले? पाय दुखत असतीन लेकराचे. वाजव पुढचं. मी सांगतो तिले शब्द."

रामीबाईनं उरलेला ढावलो म्हटला. सोमलानं हुंदके देत साथ केली. शेवटच्या ओळीला नवरी पालखीत बसली आणि पडदा पांढरा झाला.

संध्याकाळच्या खेळाला तेच रीळ लागलं. राजा होता, भोई होते, नवरदेव होता. पालखी रिकामीच निघाली.

दांडा फिरवता फिरवता गोपीचंद पेटीकडे वळला. "पोरगी कोठी गेली बे?"

सोमला लग्नाची चाल वाजवत होता.

"बिदाई झाली ना, शेठ," तो म्हणाला. "आता माहेरात कशी दिसन?"