सहा ठिपके लांब, तीन ठिपके रुंद

"निळे पत्रे. उभं." टक.

सायकलवाल्याचं दुकान, ती मनात म्हणाली.

नाना पुटपुटत काम करायचे. एरवी या सवयीवरून सगळे त्यांची टिंगल करत. आज ती कान देऊन ऐकत होती. दोघांची टेबलं समोरासमोर होती, त्यामुळे त्यांच्या स्क्रीनची तिला फक्त पाठ दिसत होती.

पुराच्या भागाचं उपग्रहाने टिपलेलं छायाचित्र सकाळी आलं. त्याचे चौकोन वाटले गेले, आणि तिच्या गावाचा चौकोन मॅडमनी तिच्यापुढून काढून नानांना दिला. स्वतःचं घर स्वतः तपासायचं नाही, असा इथला नियम होता. गेल्या वर्षी एकाने आपलं पडलेलं घर उभं म्हणून नोंदवलं होतं. तो खोटं बोलला नव्हता. त्याला ते खरोखर उभं दिसलं होतं. बचावाच्या होड्या पडलेल्या घरांवरच्या लाल खुणांकडे जातात. त्याच्या घराकडे कुणी गेलंच नाही.

"ही शाळा. कुंपण गेलंय. इमारत उभी." टक.

उभ्या घराला एक कळ दाबायची, की हिरवी खूण होऊन पुढचं घर येतं. पडलेल्या घराला दुसरी कळ, आणि वर खात्रीसाठी एंटर. नानांचा कीबोर्ड जुना होता. त्याचं एंटर खाडकन वाजायचं.

शाळेनंतर तीन घरं, मग तिचं.

दोन दिवस फोन लागत नव्हता. शेवटच्या फोनवर बाबा म्हणाले होते, "पाणी पायरीला लागू दे, मग बघू." मागून आईचा आवाज आला होता, "तूच सांग त्यांना. गुडघ्यांचं निमित्त करून गच्चीवर यायला तयार नाहीत. एकटीने उचलून नेऊ का आता यांना?" मग फोन बंद झाला होता.

टक. टक.

तिच्या स्वतःच्या चौकोनात दहा मिनिटांत एकही खूण झाली नव्हती.

टक. खाड.

शिवणाच्या काकूंचं घर. तिने टेबलाची कड धरली.

टक.

ही कुठली कळ होती? हिरवी असती तर चार-पाच सेकंदांत नाना पुढच्या घरावर गेले असते. लाल असती तर एंटर वाजलं असतं. तिने दहापर्यंत मोजलं. मग वीसपर्यंत.

"काय झालं, नाना?"

"नेमकी ढगाची सावली पडलीय गं. घराची सावली दिसत नाही, त्यामुळे उंची कळेना. आणि छतावर कसले तरी तुकडे आहेत. छत फुटून खाली बसलेलं दिसतंय."

"किती तुकडे?"

"पाच."

"केवढे?"

"सहा ठिपके लांब, तीन ठिपके रुंद. पाचही तेवढेच."

छायाचित्रातला एक ठिपका म्हणजे जमिनीवरचे तीस सेंटिमीटर. तिने मनात गुणाकार केला, मग पुन्हा एकदा केला.

"नाना, ते माझं घर आहे," ती म्हणाली. "मला काय वाटतं ते विचारू नका."

नानांनी स्क्रीनवरून मान उंचावून तिच्याकडे पाहिलं. एंटरवरचं बोट त्यांनी बाजूला घेतलं. "मॅडम," त्यांनी हाक मारली, "जरा इकडे येता?"

मॅडम आल्या. कपाळावरचा चष्मा त्यांनी डोळ्यांवर ओढला आणि वाकल्या. ती भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिली.

"अहो नाना, फुटलेलं छत असं ओळीत पडतं होय?"

"म्हणूनच तर थांबलो."

"गाद्या आहेत या. घरात पाणी शिरलं, गाद्या भिजल्या, वर आणून उन्हात टाकल्या. हे बघा, या चार गाद्यांच्या मध्ये बरोबर एकेक ठिपका मोकळा." मॅडम आणखी पुढे झुकल्या. "कोण बाई आहे ही? एवढ्या पुरात फूटपट्टी घेऊन गाद्या घालतेय!"

"आई," ती म्हणाली. तिला हसायचं होतं, पण आवाज भलताच निघाला.

मॅडम सरळ झाल्या. त्यांनी वळून तिच्याकडे पाहिलं. "नाना, लाल काढा. हिरवं करा. शेऱ्यात माझं नाव घाला."

टक.

"आता ये," मॅडम तिला म्हणाल्या. "नोंद झाली. आता बघायला हरकत नाही."

ती टेबलाला वळसा घालून आली. नखाएवढं करडं छत होतं. त्यावर पाच आयत होते, तीन तांबडे, दोन पांढरट. तिचं घर बरोबर उत्तरेला तोंड करून होतं, त्यामुळे चार गाद्यांच्या कडा ठिपक्यांच्या ओळीत चोख बसल्या होत्या. पाचवी तिरकी होती. तिच्या कडा पायऱ्यापायऱ्यांनी उतरत होत्या.

"ही एक तेवढी वाऱ्याने सरकली," नाना म्हणाले.

"आईने घातलेली गादी सरकत नाही, नाना." तिने स्क्रीनवर बोट टेकवलं. स्क्रीनला हात लावायचा नाही, हाही नियमच होता, पण कुणी काही बोललं नाही. "ही बाबांनी घातलीय. आणि आत्ता तिथेच उभे राहून बोलणी खात असतील."