नकलीचा दाखला

परदेशीपुऱ्यातल्या त्या घराची बेल मधुवंतीनं दाबली. दुसऱ्या हातात लिफाफा होता.

नऊ वर्षांपूर्वी तिनं याच घरातली जुनी बंदूक तपासली होती. तिच्यावरचा फौजेचा शिक्का वेडावाकडा होता, म्हणून लिहून दिलं होतं, संस्थानच्या फौजेची नाही, नंतर कुणीतरी बनवलेली नक्कल. जुनी शस्त्रं पारखण्यात इंदूरमध्ये तिचा शब्द अखेरचा मानायचे. आणि मागच्या महिन्यात तसाच वेडावाकडा शिक्का तिला एका अस्सल फौजी बंदुकीवर दिसला. तेव्हापासून तिच्या जिवाला चैन नव्हतं. दुरुस्त केलेला दाखला घेऊन ती स्वतः आली होती.

दार पंढरीनाथजींनी उघडलं. सत्तरीचे गृहस्थ. तिला पाहून ते दारातच थबकले. त्यांची सून शलाका मात्र हरखली.

“अरे मॅडम, तुम्ही! बसा ना. चाय घेतल्याशिवाय सोडणार नाही. तुमच्यामुळे तर माझं लग्न झालं.”

मधुवंतीला काही कळेना.

“बाबांचे, म्हणजे माझ्या सासऱ्यांचे आजोबा आणि माझ्या आजीचे वडील एकाच पलटणीत होते,” शलाका सांगू लागली. “आजीचे वडील गोळी लागून गेले. चुकून सुटली, असंच सगळे समजायचे. पण बाबांचे आजोबा शेवटी शेवटी घरातली बंदूक दाखवून बडबडायचे, याच फौजी बंदुकीनं मी त्याला मुद्दाम मारलं. बाबांनी इतकं मनाला लावून घेतलं, की आमच्या लग्नाला तीन साल बिलकुल नाही म्हणाले. मग तुमचा कागद आला. बंदूकच फौजेची नाही, मागाहून बनवलेली नक्कल, तर कसला खून? आजीनं कागद स्वतः वाचला. बाबांचा हात धरून रडली ती.”

ती चहा ठेवायला आत गेली. मधुवंतीनं लिफाफा मांडीवर उलटा केला. तेव्हाची चूक नकळत झाली होती. आज गप्प राहिलं, तर ते जाणूनबुजून खोटं. आणि बोललं, तर या हसत्या पोरीच्या पुढ्यात खून आणून ठेवायचा.

“कसं येणं केलंत?” पंढरीनाथजींनी विचारलं. त्यांची नजर लिफाफ्यावर होती.

“सहज. इकडे काम होतं.”

शलाकानं चहा आणला. अर्धा कप तसाच ठेवून ती उठली.

पंढरीनाथजी फाटकापर्यंत सोडायला आले. मागं वळून त्यांनी दाराकडे पाहिलं, मग आवाज खाली आणला.

“मॅडम, त्यात काय लिहिलंय ते मला माहीत आहे. तुम्ही स्वतःला दोष देऊ नका. आजोबांच्या पेटीत त्यांना बंदूक दिल्याची फौजेची पावती होती, त्यावर याच बंदुकीचा नंबर. तुम्ही तपासायला यायच्या आदल्या दिवशी मी ती जाळली.”